नाक न पुसलेला सांधा

७ ऑक्टोबर

धाकट्या,

पाकिटातून फोटो निघेल, तो उलटा धरू नकोस. गंजलेला स्टो आहे. टाकीला भोक पडलंय आणि त्या भोकातून गवत वर आलंय. ताईला वेड लागलं असं तुला वाटेल. वाटू दे. माझ्या वयाच्या बायका सुनांच्या चुका काढतात. मला सून नाही, म्हणून मी गंजलेल्या भांड्यांचे फोटो काढते.

गिरणी बंद पडली आणि मागच्या क्वार्टर्स रिकाम्या झाल्या, तेव्हा लोक जाताना नको असलेलं सगळं नाल्याच्या उतारावर टाकून गेले. लहानपणी आपल्याला तिकडे जायची बंदी होती, आठवतं? पत्रा लागेल, धनुर्वात होईल म्हणून आई ओरडायची. आता ओरडायला कुणी नाही, तर मी सुट्टीच्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन जाते. बादल्या, ट्रंका, खाटांच्या स्प्रिंगा, कंदील, नरसाळी. कुणाची तरी घरंच्या घरं पडलीत तिथे. मन उदास होतं, पण पाय तिकडेच वळतात.

स्टुडिओतली नोकरी अजून आहे. दिवसभर "हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका" एवढंच बोलते. ओळखपत्राच्या फोटोत हसायचं नसतं, म्हणून मालक माझ्यावर खूश आहेत. माझ्यासमोर बसलं की कुणाला हसू येतच नाही म्हणतात.

बाबा बरे आहेत. दुकान बंद केलं. बाकी विशेष काही नाही.

आई गेली तेव्हा तू उंबऱ्यापर्यंत आलास, आत डोकावलास आणि बाबा दिसले तसा मागे फिरलास. त्यानंतर तुझा आवाज ऐकला नाही. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. फक्त पत्र परत पाठवू नकोस.

ताई


२६ ऑक्टोबर

धाकट्या,

पत्र परत आलं नाही. म्हणजे एकतर तू ठेवलंस, नाहीतर फाडलंस. दोन्ही चालेल, मी लिहीत राहणार.

या वेळी बादली पाठवते. बूड पूर्ण गेलंय, कडी मात्र शाबूत. हा फोटो मागच्यापेक्षा बरा आलाय हे तुझ्याही लक्षात येईल. त्याचं श्रेय माझं नाही.

झालं असं, की स्टोच्या फोटोची दुसरी प्रत मी जेवणाच्या टेबलावर विसरले. स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बाबा तो दिव्याखाली धरून बसले होते, मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तसे. तुला सांगितलं नव्हतं. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेलाय. समोर बघितलं की मधोमध धूर दिसतो म्हणतात, कडेचं तेवढं दिसतं. माझा चेहरा दिसत नाही, कान दिसतात. "तू अगदी तुझ्या स्टुडिओतल्या फोटोसारखी दिसतेस," म्हणाले. विनोद होता, मी हसले, मग मोरीत जाऊन डोळे पुसले.

"कुठे मिळाला हा?" त्यांनी विचारलं.

"नाल्याच्या उतारावर."

"ऊन समोरून घेतलंस. गंज सगळा सपाट दिसतोय. सकाळी लवकर जा, ऊन आडवं पडतं तेव्हा. आडव्या उन्हात सांधा कळतो. आणि उचलायचं नाही काही. गंजलेला पत्रा हातात येत नाही, भुगा होतो."

किती दिवसांनी ते सलग इतकं बोलले! जन्मभर पत्र्याची भांडी सांधलेला माणूस, दुकान बंद झाल्यापासून नुसता खिडकीशी बसून असतो. म्हणून मी सकाळी लवकर गेले. बादली बघ, कडीजवळची एकेक खळी दिसते की नाही?

ताई


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

खरं सांगते, आता हा माझा छंद राहिलेला नाही. मला बाबा पाठवतात. आठवडाभर विचारत असतात, "रविवारी ऊन पडेल ना?" मी येते तेव्हा भिंग घेऊन तयार असतात. फोटो मोठे करून मागतात, म्हणून स्टुडिओचा कागद वापरते आणि मालक बघत नाहीत असं धरून चालते. फोटोत ते पहिल्यांदा सांधे शोधतात. या गावातली निम्मी भांडी त्यांच्याच दुकानातून गेलेली, त्यामुळे कुठे ना कुठे त्यांचा हात सापडतोच. "हा माझा. हाही माझा. हे कुणाचं काम? छे, हा तर बाहेरून आणलेला डबा."

या वेळच्या फोटोत दुधाचा कॅन आहे. त्याच्या गळ्यावर ठोकलेली चांदणी बघ, म्हणजे कुणाचा ते कळेल. हो, डेअरीवाल्याचा. तोच कॅन.

त्या दिवशी मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं. कॅनच्या बुडाचा सांधा तू केला होतास. डेअरीवाला म्हणाला, "पोरानं चांगलं केलंय हो, द्या तसाच." बाबांनी कॅन फिरवून बघितला. सळई उचलताना तू नेहमी शेवटी कथलाचा एक थेंब सोडायचास, तो तिथेही होता. त्या थेंबाला ते नाक म्हणायचे. "ठोंब्या, नाक पूस त्याचं!" असं दिवसातून दहादा ऐकू यायचं. कथील गरम असतानाच ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं, सांधा केसासारखा बारीक दिसला पाहिजे, ही त्यांची पद्धत. तुझे सांधे जाड. त्या दिवशी ते म्हणाले, "माझ्या दुकानातून असलं शेंबडं काम बाहेर जाणार नाही. एक पावसाळा काढणार नाही हे." सळई तापवली आणि तुझा सांधा गिऱ्हाइकासमोर वितळवला. कथील फरशीवर ठिबकलं. डेअरीवाला हसला, मग बाबाही हसले. सांधा वितळवण्यापेक्षा तुला ते हसणं लागलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि गेलास. अजून तिथेच आहे तो, कुणी हात लावत नाही.

मग बाबांनी तो सांधा स्वतः केला, छान पुसून काढला. आता फोटोत बघ. बूड सुटून बाजूला पडलंय. पत्रा गंजून नाही, सांध्यात उघडलाय.

मी हा फोटो त्यांना दाखवायलाच नको होता. इतर फोटोंत मिसळून गेला. भिंग फिरवता फिरवता थांबले. "हा माझा," म्हणाले. थोड्या वेळाने, "उघडलाय." भिंग खिशात घातलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

ताई


८ डिसेंबर

धाकट्या,

तुझ्या बायकोचं कार्ड आलं. एवढंच लिहिलंय: "पत्रं पोचतात. ते आधी फोटो बघतात." मी ते कितीदा वाचलं सांगत नाही, फुशारशील.

म्हणून आता नीट ऐक. तुझे सांधे सापडलेत.

कॅननंतर मी घाबरले होते. बाबांजवळ आता उरलंय काय? डोळे गेले, दुकान गेलं, आई गेली, तू तर कधीचा गेलास. एक हाताचं नाव होतं, तेही मीच माझ्या हाताने दिव्याखाली नेऊन ठेवलं. म्हणून मी आधी स्वतः सगळे फोटो नीट बघायला लागले, आणि दिसत गेलं. त्यांचे पुसलेले, बारीक, देखणे सांधे उघडलेत. सगळे नाहीत, पण पुष्कळ. आणि जिथे शेवटी नाक आहे, तो सांधा धरून आहे. एका ट्रंकेच्या कोपऱ्यावर आहे, एका नरसाळ्याच्या गळ्याला आहे, एका डब्याचा तर पत्रा चाळणीसारखा झालाय, पण सांधा जसाच्या तसा. सगळ्यात भारी एक झारी आहे, उताराच्या अगदी खाली, दगडाला टेकलेली. तिची नळी जिथे पोटाला जोडलीय तिथे तुझ्या कथलाचं जाड कडं आणि त्याला लोंबणारं हे एवढं नाक. तिच्यासमोर मी गवतातच बसून राहिले. मला तुझा इतका अभिमान वाटला की राग आला. हे तुला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं.

पण बाबांना यातलं काही दाखवलेलं नाही. तुझे फोटो स्टुडिओतल्या माझ्या खणात आहेत. त्यांना मी खाटेच्या स्प्रिंगा दाखवते, किसणी दाखवते, जिथे सांधाच नाही असलं सगळं. ते बघतात, बाजूला ठेवतात, म्हणतात, "आणखी?"

मी बरोबर केलं ना? तू इथे असतास तर काय केलं असतंस? मला वाटतं तूही दाखवले नसतेस. तुझी जीभ तिखट आहे, पण मन तसं नाही.

झारीचा फोटो तुला पाठवतेय.

ताई


२ जानेवारी

धाकट्या,

झारीबद्दल एक अक्षर नाही. ठीक आहे. तू रागावलास, की बसून रडलास, तेही कळायला मार्ग नाही.

इथे धुकं आहे. दोन रविवार ऊनच पडलं नाही, तरी मी गेले. न जाऊन चालत नाही, बाबा दाराकडे कान लावून असतात. फोटो आता डोळ्यांच्या अगदी कडेला धरून बघतात, कानाजवळ म्हटलं तरी चालेल. किसणीला ट्रंक म्हणाले. मी "हो" म्हटलं.

"आणखी?"

"एवढेच आहेत, बाबा."

"खाली उतरतेस का तू? पार खाली?"

"उतरते."

"झाऱ्या वगैरे काही नाही दिसत?"

मी नाही म्हणाले. का विचारलं ते माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

उताराच्या तोंडाशी बोर्ड लागलाय. रस्ता रुंद करणार आहेत, महिनाअखेरीस मशीन येऊन सगळं दाबून सपाट करणार.

ताई


१७ जानेवारी

धाकट्या,

मी घोडचूक केली आहे. तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी हे ऐक: पहिल्या पत्रात बाबा बरे आहेत लिहिलं होतं, ते खोटं होतं. उन्हाळ्यापासून त्यांचं हृदय थकलंय. पायांना सूज असते, जिना उतरवत नाही. तुला लिहिलं नाही, कारण दयेपोटी आलेला भाऊ मला नको होता. आता तसलाही चालेल.

काल सकाळी मी त्यांना चहा दिला. कप नीट त्यांच्या हातात ठेवायला लागतो आता. नजर पूर्ण गेलीय, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी म्हटलं, "उतार सपाट करणार आहेत, बाबा. बरं झालं, माझीही फेरी वाचली." उगाच, त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले.

ते म्हणाले, "म्हणजे राहिलंच."

"काय राहिलं?"

"ठोंब्याचं काम. एक जरी सांधा त्याचा बघायला मिळाला असता तर..." मग थांबून, "तू मला निवडून दाखवत होतीस, कळत होतं मला. वाटलं, त्याचे सगळेच सुटलेले असणार. बापाला वाईट वाटेल म्हणून पोरगी लपवतेय. म्हणून मीही फार खोदून विचारलं नाही."

धाकट्या, ते पहिल्या दिवसापासून तुझं नाक शोधत होते! स्टोचा फोटो हातात घेतला तेव्हापासून. मी त्यांचा अभिमान सांभाळत बसले आणि त्यांना त्याची काडीइतकी पर्वा नव्हती. कॅनचा सांधा उघडलेला बघून ते जेवले नाहीत ते अभिमान दुखावला म्हणून नव्हतं. "तुझा भाऊ चालेल म्हणत होता, डेअरीवाला चालेल म्हणत होता, आणि मी वितळवला," म्हणाले. "तो टिकला असता का, एवढंच बघायचं होतं."

मी ओरडलेच. "टिकलेत हो बाबा! सगळे टिकलेत! तुमचे उघडलेत आणि त्याचे टिकलेत!"

धावत स्टुडिओत गेले, खणातून सगळे फोटो आणले. त्यांनी एकेक फोटो हातात घेतला, दिव्याकडे धरला, उलटा केला, सुलटा केला. गुळगुळीत कागद नुसता. त्यावरून बोट फिरवत म्हणाले, "छान आलेत."

काही दिसत नव्हतं त्यांना. सहा आठवडे ते फोटो माझ्या खणात होते, आणि त्यांतले पहिले काही आठवडे त्यांना दिसत होतं.

ताई


२३ जानेवारी

धाकट्या,

मी झारी आणायला गेले.

उचलायचं नाही, भुगा होतो, हे त्यांचंच सांगणं होतं. तरी पिशवीत जुनी चादर घेऊन गेले. मशीन वरच्या बाजूने सुरू झालेलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, खाली काय तुमचं सोनं पडलंय का?" मी म्हटलं, "हो, थांबा जरा." बिचारा थांबला, मशीन बंद करून बिडी ओढत बसला.

चादर झारीखाली सरकवली. खूप जपून उचलली. पोट पहिल्यांदा गेलं, माझ्या हातांतच लाल भुकटी झाली. मग मूठ गेली, नळी गेली. घरी येईपर्यंत चादरीत तांबडी माती तेवढी राहिली आणि त्यात तुझ्या कथलाचं कडं. पत्रा सगळा झडून गेला, सांधा तसाच. काळा पडलाय, पण कुठे चीर नाही.

मी ते धुतलंही नाही. बाबांच्या तळहातावर ठेवलं.

त्यांनी आधी वजन घेतलं, हात वर-खाली करून. मग अंगठा कड्यावरून फिरवायला लागले, दुकानात गिऱ्हाइकाचं भांडं घेताना फिरवायचे तसा, सावकाश. जाड भाग आला तसे "हं" म्हणाले. शेवटाला अंगठा पोचला आणि थांबला. तो थेंब त्यांनी चिमटीत धरला.

"नाक आहे," म्हणाले.

मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला बघवेना, पण मी बघितलं, तुझ्यासाठी बघितलं. रडत होते आणि थेंब सोडत नव्हते. "मी सगळे पुसले गं," म्हणाले. "जन्मभर गरम गरम पुसत राहिलो. सांध्यात राहायचं तेच फडक्याला लागून जात होतं. पोराला कळलं होतं ते. मला हसू आलं त्याचं."

हे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. त्यांत माझा एकही नाही.

ते कडं तुला पाठवावं असं मी ठरवलं होतं. पुठ्ठ्याची डबी आणली, कापूस घातला, वर तुझा पत्ताही लिहिला. सकाळी म्हटलं, "बाबा, द्या ते. धाकट्याला पोस्टाने पाठवते."

त्यांनी मूठ मिटली. "पोस्टाने नको. हातात देईन."

"तो येईल की नाही माहीत नाही, बाबा."

"मग राहू दे माझ्याकडे."

तेव्हापासून ते मुठीतच आहे. डॉक्टर आले तर नाडी बघायला त्यांनी दुसरा हात पुढे केला. जेवायला मी भरवते. डॉक्टर बाहेर पायरीवर मला म्हणाले, "ज्यांना कळवायचं त्यांना कळवा." तेच करतेय.

रिकामी डबी या पत्रासोबत पाठवतेय. त्यात घालायची वस्तू तुला स्वतः येऊन मागावी लागेल. माफी मागू नकोस, त्यांनाही मागायला लावू नकोस, नुसता हात पुढे कर. एप्रन खुंटीला आहे, वाटलं तर तोही ने.

आणि उशीर करू नकोस. झोपेत त्यांची मूठ आता सैल पडायला लागलीय. कडं निसटून अंथरुणावर येतं. मी ते पुन्हा त्यांच्या तळहातावर ठेवते आणि एकेक बोट मिटवते.

ताई